जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी सांख्यिकीय चाचणी: निवड, आकडेमोड आणि मांडणी

प्रकल्पाची निरीक्षणे वहीत उतरतात, आलेख काढून होतो, अहवाल देण्याचा दिवस जवळ येतो आणि मग ‘आता यावर कोणती चाचणी लावायची’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. हा क्रम उलटा आहे. चाचणी कोणती हे प्रश्नाच्या रचनेतूनच ठरते. प्रश्न नेमका असेल आणि निरीक्षणे कशी घ्यायची हे आधी ठरले असेल, तर निवडीचे काम पाच मिनिटांत होते. उलट प्रश्न मोघम असेल तर कितीही चांगले सॉफ्टवेअर हाताशी असले तरी त्यातून बाहेर पडणाऱ्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून या लेखात सूत्रांच्या आधी प्रश्नाचा आणि एककाचा विचार केला आहे. चुका मुख्यतः तिथेच होतात.

प्रश्न कसा मांडावा

‘सावलीचा पानांवर काय परिणाम होतो’ हा कुतूहलाचा विषय आहे, चाचणीचा प्रश्न नाही. ‘एकाच जातीच्या झुडपांमध्ये सावलीत वाढणाऱ्या झुडपांच्या पानांची सरासरी लांबी उन्हात वाढणाऱ्या झुडपांपेक्षा वेगळी असते का’ हा चाचणीचा प्रश्न झाला, कारण त्यात काय मोजायचे, कोणत्या दोन गटांत मोजायचे आणि कशाची तुलना करायची, हे तिन्ही स्पष्ट आहे. या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर, म्हणजे ‘दोन्ही प्रकारच्या झुडपांच्या पानांच्या सरासरी लांबीत फरक नाही’, हे शून्य गृहीतक होय. चाचणी नेहमी या शून्य गृहीतकाची होते.

चाचणीतून शेवटी जे पी-मूल्य मिळते, त्याचा अर्थ पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावा. शून्य गृहीतक खरे आहे असे क्षणभर धरले, तर आपल्याला जेवढा फरक मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता तीन टक्के आहे, असा अर्थ होत नाही, आणि आपले म्हणणे सत्त्याण्णव टक्के सिद्ध झाले, असा तर मुळीच होत नाही. ०.०५ ही सर्वत्र वापरली जाणारी मर्यादा रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली होती. तो निसर्गाचा नियम नाही. त्यामुळे ०.०४९ आणि ०.०५१ यांच्यात जगाचा फरक असल्यासारखे लिहिणे हास्यास्पद ठरते. मात्र अभ्यासक्रमाच्या कामात ही मर्यादा आधीच जाहीर करून पाळणे इष्ट आहे.

‘एक’ म्हणजे काय

समजा, उन्हातल्या एका झुडपाची तीस पाने आणि सावलीतल्या एका झुडपाची तीस पाने मोजली. वहीत साठ आकडे आहेत, तरीही प्रश्न उन्हाचा आणि सावलीचा असेल तर प्रत्येक बाजूला नमुना फक्त एकच आहे. तीस पानांनी ते एकच झुडूप अधिक अचूक मोजले गेले. उन्हातल्या इतर झुडपांविषयी त्यांनी काहीही सांगितले नाही. त्या दोन झुडपांत वयाचा, मातीचा किंवा वाणाचा फरक असेल तर चाचणी तोच फरक पकडेल आणि विद्यार्थी त्याचे श्रेय सावलीला देईल. या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातील प्रयोगांच्या संदर्भात या चुकीची सविस्तर चिकित्सा केली, पण ती परिसरशास्त्रापुरती मर्यादित नाही.

प्रयोगशाळेतही ती तितकीच सहज होते. एका पेट्री डिशमध्ये पन्नास बिया मिठाच्या पाण्यात आणि दुसऱ्या डिशमध्ये पन्नास बिया साध्या पाण्यात ठेवल्या, तर मिठाची मात्रा प्रत्येक बीला वेगळी दिली गेलेली नसून ती डिशला दिली गेली आहे. म्हणून एकक डिश आहे. एका डिशला बुरशी लागली तर पन्नासही बियांचे नशीब एकदम बदलते. विकराच्या एकाच द्रावणातून तीन वेळा नमुना काढून तीन वाचने घेतली, तर त्या तीन वाचनांतून आपला पिपेट धरण्याचा हात किती स्थिर आहे ते कळते, विकराच्या वागण्यातली विविधता कळत नाही. प्राण्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. दगडाखाली राहणारे वुडलाइस ओलसर आणि कोरड्या कप्प्यांपैकी कुठे जातात हे पाहण्यासाठी वीस प्राणी एकदम सोडण्याची पद्धत आहे. पण हे प्राणी एकमेकांना बिलगून राहतात, त्यामुळे एक जिथे गेला तिथे दुसरा जाण्याची शक्यता वाढते आणि वीस निवडी स्वतंत्र राहत नाहीत. एकेक प्राणी वेगवेगळा सोडून पाहणे कंटाळवाणे आहे, परंतु योग्य आहे.

उपाय साधा आहे. ज्या वस्तूला उपचार दिला गेला किंवा जी वस्तू स्वतंत्रपणे निवडली गेली, ती एकक मानावी. त्या एककाच्या आत घेतलेल्या वाचनांची सरासरी काढावी. आणि चाचणीत फक्त सरासऱ्या वापराव्यात. आठ झुडपांची प्रत्येकी दहा पाने मोजली असतील तर चाचणीत ऐंशी नव्हे, आठ आकडे जातील. संख्या एवढी रोडावलेली पाहून विद्यार्थ्याला वाईट वाटते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण ही संख्या प्रामाणिक असते. वेळ मर्यादित असेल तर एका झुडपाची वीस पाने मोजण्यापेक्षा चार झुडपांची पाच-पाच पाने मोजणे नेहमीच अधिक फायद्याचे.

निवडीचा मार्ग

एकक ठरले की पाहायचे ते एवढेच, की प्रत्येक एककाकडून आपल्याला काय मिळाले. एकक फक्त कोणत्या तरी वर्गात टाकले गेले असेल, जसे की बी गोल किंवा सुरकुतलेली, जाती हजर किंवा गैरहजर, तर आपल्याजवळ वर्गवार वारंवारता आहे आणि काय-वर्ग चाचणी लागते. एककाचे मापन झाले असेल, म्हणजे लांबी, वस्तुमान, वेळ किंवा दर मिळाला असेल, आणि दोन गटांची तुलना करायची असेल, तर टी-चाचणी किंवा तिला पर्याय असणारी मान-व्हिटनी यू-चाचणी लागते. एकाच एककावर दोन वेगवेगळी मापने असतील आणि ती एकमेकांबरोबर वाढतात-घटतात का हे पाहायचे असेल, तर सहसंबंध काढावा लागतो. दोनपेक्षा जास्त गट असतील तर एकमार्गी अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकदम तुलना करणारी चाचणी) किंवा क्रुस्कल-वॉलिस चाचणी. अभ्यासक्रमातील बहुतेक सर्व प्रकल्प एवढ्यात बसतात.

एक फसवी जागा मात्र सांगितली पाहिजे. क्वाड्रॅटमध्ये, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या ठरावीक आकाराच्या चौकटीत, मोजलेल्या रोपांची संख्या पूर्णांकात असते, म्हणून ती ‘वारंवारता’ समजून विद्यार्थी काय-वर्ग चाचणीकडे वळतात. इथे एकक क्वाड्रॅट आहे आणि रोपांची संख्या हे त्या क्वाड्रॅटचे मापन आहे. रोपे सहसा पुंजक्यांनी उगवतात, म्हणजे एक रोप दुसऱ्यापासून स्वतंत्र नसते. गवत कापलेल्या भागातले पंधरा क्वाड्रॅट आणि न कापलेल्या भागातले पंधरा क्वाड्रॅट यांची तुलना करायची तर प्रत्येक क्वाड्रॅटचा आकडा वेगळा ठेवून यू-चाचणी करावी. सर्व रोपांची बेरीज करून दोन आकड्यांवर काय-वर्ग चालवू नये.

काय-वर्ग चाचणी

कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली ही चाचणी निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांमधील अंतर मोजते. प्रत्येक वर्गासाठी निरीक्षित संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, उत्तराचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि सर्व वर्गांची बेरीज करायची. अपेक्षित संख्या सिद्धान्तातून येते तेव्हा आनुवंशिकीचे उदाहरण सर्वात स्वच्छ ठरते. ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यावरील द्विसंकर प्रयोगात ३१५ बिया गोल व पिवळ्या, १०८ गोल व हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या व पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या व हिरव्या निघाल्या, एकूण ५५६. गुणोत्तर ९:३:३:१ असेल तर अपेक्षित संख्या ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५ येतात. चार वर्गांचे वाटे अनुक्रमे ०.०१६, ०.१३५, ०.१०१ आणि ०.२१८ होतात आणि बेरीज ०.४७. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे एकूण बेरीज माहीत असताना स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या वर्गांची संख्या, इथे चारातून एक वजा जाता तीन आहे. तीनसाठी ०.०५ पातळीचे सीमामूल्य, म्हणजे जे ओलांडले की शून्य गृहीतक नाकारायचे ते तक्त्यातले मूल्य, ७.८१५ आहे. आपले मूल्य त्याच्या खूप खाली असल्यामुळे शून्य गृहीतक नाकारता येत नाही.

इथे शून्य गृहीतक म्हणजेच मेंडेल यांचे गुणोत्तर आहे, हे ध्यानात घ्यावे. या एका प्रकारात मूल्य लहान निघाले तर विद्यार्थ्याला आनंद होतो, इतरत्र मोठे निघाले तर. आणि त्यामुळेच निष्कर्षाचे वाक्य उलटे लिहिण्याची चूक फार होते. ‘निरीक्षणे ९:३:३:१ या गुणोत्तराशी विसंगत नाहीत’ असे लिहावे, ‘गुणोत्तर सिद्ध झाले’ असे लिहू नये. जाता जाता, मेंडेल यांचे आकडे अपेक्षेशी इतके जुळतात की १९३६ साली फिशर यांनी एकत्रितपणे पाहता ते प्रमाणाबाहेर चांगले असल्याची शंका उपस्थित केली होती आणि तो वाद पुढे बरीच दशके चालला.

काय-वर्गाचा दुसरा उपयोग दोन गोष्टींची सांगड तपासण्यासाठी होतो. कल्पना करा की १०० क्वाड्रॅटपैकी ३० मध्ये दोन्ही जाती सापडल्या, १५ मध्ये फक्त पहिली, १० मध्ये फक्त दुसरी आणि ४५ मध्ये एकही नाही. पहिली जाती एकूण ४५ क्वाड्रॅटमध्ये आहे आणि दुसरी ४० मध्ये; त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकत्र सापडण्याची अपेक्षित संख्या ४५ गुणिले ४० भागिले १००, म्हणजे १८ येते. उरलेल्या तीन चौकटींत २७, २२ आणि ३३ येतात. प्रत्येक चौकटीत फरक १२ आहे, त्यामुळे काय-वर्गाचे मूल्य ८.०० अधिक ५.३३ अधिक ६.५५ अधिक ४.३६, म्हणजे २४.२४ होते. डिग्रीज ऑफ फ्रीडम ओळींतून एक वजा गुणिले स्तंभांतून एक वजा, म्हणजे एक, सीमामूल्य ३.८४१. दोन जाती योगायोगापेक्षा बऱ्याच जास्त वेळा एकत्र सापडतात. त्या एकमेकींना मदत करतात की दोघींनाही तीच ओलसर माती आवडते, हे चाचणी सांगत नाही. शिवाय क्वाड्रॅटचा आकार बदलला तर हे उत्तरही बदलू शकते, म्हणून आकार अहवालात नोंदवलाच पाहिजे.

दोन पथ्ये पाळावीत. अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असलेल्या चौकटी फार असू नयेत. असतील तर अर्थपूर्ण रीतीने वर्ग एकत्र करावेत किंवा दोन बाय दोन तक्त्यासाठी फिशरची अचूक चाचणी वापरावी. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे: सूत्रात टक्केवारी कधीही घालू नये. वीस प्राण्यांपैकी बारा ओलसर बाजूला गेले आणि आठ कोरड्या, तर काय-वर्ग ०.८ येतो आणि काहीच दाखवत नाही. तेच आकडे साठ टक्के आणि चाळीस टक्के म्हणून सूत्रात घातले की उत्तर ४.० होते आणि सीमामूल्य ओलांडते. प्राणी वीसच राहिले, पण कागदावर त्यांचे शंभर झाले.

टी-चाचणी, एका उदाहरणातून

लहान नमुन्यांसाठी ही चाचणी विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ते डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत होते आणि त्यांच्याजवळ निरीक्षणे नेहमीच थोडी असत. विद्यार्थ्यांची अडचण नेमकी तीच असते.

आठ सावलीतली आणि आठ उन्हातली झुडपे घेतली आणि प्रत्येकाच्या दहा पानांची सरासरी लांबी सेंटिमीटरमध्ये काढली, असे मानू. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. सावलीतले: ७.२, ६.८, ७.९, ७.५, ६.९, ७.४, ८.१, ७.०. उन्हातले: ६.४, ६.९, ५.८, ६.६, ७.१, ६.०, ६.७, ६.५. पहिल्या गटाची सरासरी ७.३५ आणि दुसऱ्याची ६.५० आहे. आता प्रत्येक आकड्याचे आपल्या गटाच्या सरासरीपासूनचे अंतर काढून त्यांच्या वर्गांची बेरीज केली तर ती अनुक्रमे १.५४ आणि १.३२ येते, तिला आठ नव्हे, सातने भागले की प्रचरण, म्हणजे आकड्यांच्या पसरलेपणाचे माप, ०.२२० आणि ०.१८९ मिळते. सातने भागायचे कारण असे की सरासरी त्याच आठ आकड्यांतून काढली असल्याने एक स्वातंत्र्य आधीच खर्च झालेले असते. प्रत्येक प्रचरणाला आठने भागून बेरीज करावी, ती ०.०५११ येते, आणि तिचे वर्गमूळ ०.२२६ ही फरकाची प्रमाण त्रुटी होय. सरासऱ्यांमधील फरक ०.८५ ला ०.२२६ ने भागले की टी ३.७६ मिळतो. डिग्रीज ऑफ फ्रीडम ८ अधिक ८ वजा २, म्हणजे १४. द्विपुच्छ सीमामूल्य २.१४५. पी-मूल्य सुमारे ०.००२ येते.

एवढ्यावर थांबू नये. फरक किती आहे हेच जीवशास्त्राला हवे असते, आणि त्यासाठी सीमामूल्याला प्रमाण त्रुटीने गुणून तो आकडा फरकात मिळवावा आणि वजा करावा: ०.८५ कमी-अधिक ०.४८, म्हणजे सावलीतली पाने साधारण ०.३७ ते १.३३ सेंटिमीटरने लांब असावीत, असा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला मिळतो. ‘फरक लक्षणीय आहे’ या वाक्यापेक्षा हा पल्ला वाचकाला बरेच जास्त सांगतो.

द्विपुच्छ म्हणजे फरक कोणत्याही दिशेने असला तरी तो मोजायचा. आकडे पाहून झाल्यावर सोयीची दिशा धरून एकपुच्छ चाचणी निवडणे ही लबाडी आहे, मग ती अजाणता झालेली असली तरी. एकपुच्छ चाचणीसाठी आधीच लिहून ठेवलेले सबळ कारण हवे. ते नसेल तर द्विपुच्छच वापरावी. दोन गटांचे प्रचरण समान मानायचे की नाही, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: वेल्च यांचा प्रकार, जो समानता गृहीत धरत नाही, तोच नेहमी वापरावा. वरील उदाहरणात त्याने डिग्रीज ऑफ फ्रीडम १४ ऐवजी १३.९ होतात, म्हणजे गमावायचे काही नाही. आणि प्रचरणे खरोखर वेगळी असतील तेव्हा तो वाचवतो.

मापने प्रसामान्य वितरणाची, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेली, असावीत ही अट पुस्तकात पाहून विद्यार्थी घाबरतात. आठ आकड्यांवरून वितरणाचा आकार ठरवणे कोणालाच जमत नाही. शापिरो-विल्क सारखी चाचणीही एवढ्या लहान नमुन्यात बहुधा गप्प बसते, आणि तिचे गप्प बसणे म्हणजे प्रसामान्यतेचे प्रमाणपत्र नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक आकड्याचा एक ठिपका काढून गट शेजारी-शेजारी मांडावेत आणि पाहावे. ठिपके सरासरीच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी पसरलेले असतील तर टी-चाचणी चालते. एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपूट दिसली, अनेक शून्ये असली, किंवा मापनच मुळात ‘थोडे, मध्यम, पुष्कळ’ अशा क्रमाचे असले, तर यू-चाचणीकडे वळावे.

यू-चाचणी

मान आणि व्हिटनी यांची १९४७ सालची ही चाचणी मापनांऐवजी त्यांच्या क्रमावर काम करते. सूत्र पाठ करण्यापेक्षा तिचा अर्थ समजून घेणे सोपे आहे: एका गटातील प्रत्येक आकडा दुसऱ्या गटातील प्रत्येक आकड्याशी झुंजवायचा आणि विजय मोजायचे, बरोबरी झाली तर अर्धा गुण. वरील झुडपांत उन्हातले ६.९ हे सावलीतल्या ६.८ ला हरवते आणि ६.९ शी बरोबरी करते, म्हणजे दीड, उन्हातले ७.१ हे ६.८, ६.९ आणि ७.० यांना हरवते, म्हणजे तीन; बाकी उन्हातले सर्व आकडे हरतात. यू झाला ४.५. आठ-आठच्या गटांसाठी ०.०५ पातळीचे द्विपुच्छ सीमामूल्य १३ आहे आणि इथे नियम उलटा असतो: यू सीमामूल्याइतका किंवा त्याहून लहान असेल तर फरक लक्षणीय. तक्ता पाहताना हा उलटा नियम विसरल्यामुळे चांगले निष्कर्ष वाया गेलेले मी पाहिले आहेत. यू-चाचणी वापरली तर अहवालात सरासरीऐवजी मध्यक द्यावा.

जोडीची निरीक्षणे

एकाच व्यक्तीची उजव्या आणि डाव्या हाताची प्रतिक्रिया-वेळ, एकाच पानाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरील पर्णरंध्रे, ही निरीक्षणे जोडीने येतात आणि त्यांना सुटे करणे हा तोटाच असतो. समजा, दहा व्यक्तींमध्ये दोन हातांतील फरकाची सरासरी १२ मिलिसेकंद आणि त्या फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ, १५ आहे. १५ ला दहाच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ४.७४ येते आणि टी २.५३; नऊ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी सीमामूल्य २.२६२ आहे, म्हणजे फरक लक्षणीय. आता व्यक्ती-व्यक्तींमधील विविधतेमुळे प्रत्येक हाताच्या वेळांचे प्रमाण विचलन ४० असेल आणि विद्यार्थ्याने जोड्या मोडून साधी टी-चाचणी केली, तर प्रमाण त्रुटी १७.९ होते आणि टी ०.६७ वर घसरतो. काही माणसे मुळातच चपळ असतात आणि काही संथ. जोडी ठेवली की हा गोंगाट वजा होऊन जातो. फरकांचे वितरण फारच कललेले असेल तर जोडीच्या टी-चाचणीऐवजी विल्कॉक्सन यांची चिन्हांकित क्रम-चाचणी वापरावी.

दोनपेक्षा जास्त गट

तीन गट असले की तीन टी-चाचण्या करण्याचा मोह होतो. प्रत्येक चाचणीत चुकीने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के धरली, तर तीन स्वतंत्र चाचण्यांत एकदा तरी फसण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते, आणि पाच गटांच्या दहा तुलना त्याच हिशेबाने धरल्या तर सुमारे ४० टक्के. म्हणून आधी अनोव्हा करावी; तिने ‘कुठेतरी फरक आहे’ असे सांगितले तरच तो कुठे आहे हे शोधण्यासाठी टुकी यांची चाचणी करावी. क्रमांवर काम करायचे असेल तर क्रुस्कल-वॉलिस.

सहसंबंध

पिअर्सनचा सहसंबंध गुणांक दोन मापने सरळ रेषेत किती जुळतात ते सांगतो, तर स्पिअरमनचा, जो १९०४ सालचा आहे, फक्त एक वाढले की दुसरे सातत्याने वाढते किंवा घटते का, ते सांगतो. स्पिअरमनसाठी दोन्ही मापनांना वेगवेगळे क्रम द्यावेत, प्रत्येक एककाच्या दोन क्रमांतील फरकाचा वर्ग करावा आणि बेरीज करावी. दहा एककांसाठी ही बेरीज ४२ आली, तर तिला ६ ने गुणून ९९० ने, म्हणजे दहा गुणिले शंभर वजा एकने, भागावे आणि एकमधून वजा करावे: ०.७४५. दहासाठी सीमामूल्य ०.६४८ आहे, म्हणजे संबंध लक्षणीय ठरतो. समान क्रम बरेच असतील तर हे सोपे सूत्र थोडे चुकते आणि आकडेमोड संगणकावर सोपवावी.

गुणांक काढण्याआधी बिंदू-आलेख काढणे सक्तीचे समजावे. विकराची क्रियाशीलता तापमानाबरोबर आधी वाढते आणि मग कोसळते. अशा कमानीचा सहसंबंध शून्याच्या आसपास येऊ शकतो आणि ‘तापमानाचा परिणाम नाही’ असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. शिवाय तापमान किंवा संहती प्रयोगकर्त्याने स्वतः ठरवून दिलेली असते तेव्हा सहसंबंधापेक्षा रिग्रेशन, म्हणजे योग्य रेषा किंवा वक्र बसवणे, अधिक समर्पक असते. सहसंबंध हा निसर्गात जसे सापडले तसे मोजलेल्या दोन चलांसाठी आहे.

संगणकावर चालवताना

एक्सेलमधील टी.टेस्ट हे फलन थेट पी-मूल्य देते, टी देत नाही, त्यामुळे अहवालासाठी टी वेगळा काढावा लागतो. त्यात तिसरी जागा पुच्छांची असते, तिथे २ लिहावे, आणि चौथी प्रकाराची: जोडीसाठी १, समान प्रचरणासाठी २ आणि असमान प्रचरणासाठी ३. चौथ्या जागी काय लिहिले यावर उत्तर पूर्णपणे बदलते आणि पडद्यावर कोणताही इशारा दिसत नाही. प्रमाण विचलनासाठी नमुन्याचे फलन वापरावे, समष्टीचे नव्हे. काय-वर्गाच्या फलनाला निरीक्षित आणि अपेक्षित अशा दोन्ही श्रेणी द्याव्या लागतात. अपेक्षित संख्या ते स्वतः काढत नाही. यू-चाचणीचे तयार फलन एक्सेलमध्ये नाही. आर ही मोफत भाषा वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे की तिची टी-चाचणी सांगितल्याशिवाय वेल्च प्रकाराचीच असते आणि दोन बाय दोन काय-वर्गात ती येट्स यांची दुरुस्ती, म्हणजे निरीक्षित-अपेक्षित फरक थोडा कमी धरणे, आपणहून लावते, म्हणून हाताने काढलेले उत्तर तिच्या उत्तराहून थोडे मोठे येते. पहिल्यांदा तरी एक चाचणी हाताने करून संगणकाशी ताडून पाहावी.

निष्कर्ष लिहिताना

वाक्यात चाचणीचे नाव, तिचे मूल्य, डिग्रीज ऑफ फ्रीडम किंवा नमुन्याचा आकार, पी-मूल्य आणि फरकाची दिशा व आकार एवढे असावे. उदाहरणार्थ: ‘सावलीतील झुडपांची पाने (सरासरी ७.३५ सेंमी, प्रमाण विचलन ०.४७, झुडपे ८) उन्हातील झुडपांच्या पानांपेक्षा (६.५० सेंमी, ०.४३, झुडपे ८) लांब होती; वेल्च टी-चाचणी, टी = ३.७६, डिग्रीज ऑफ फ्रीडम १३.९, पी = ०.००२.’ आलेखावर त्रुटिरेषा असतील तर त्या प्रमाण विचलनाच्या आहेत, प्रमाण त्रुटीच्या की विश्वास-पल्ल्याच्या, हे आलेखाखाली लिहावे. पडद्यावर पी-मूल्य ०.००० दिसले तर ते ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे, कारण ते शून्य नसते.

फरक लक्षणीय निघाला नाही तर ‘फरक नाही’ असे न लिहिता ‘फरक असल्याचा पुरेसा पुरावा या नमुन्यात मिळाला नाही’ असे लिहावे आणि विश्वास-पल्ला द्यावा. पल्ला शून्याभोवती अगदी अरुंद असेल तर मोठा फरक नसल्याचे बऱ्याच खात्रीने म्हणता येते; तो रुंद असेल तर नमुना लहान पडला एवढेच म्हणता येते, आणि त्याच प्रचरणावरून पुढच्या वेळी किती झुडपे लागतील याचा अंदाजही त्याच परिच्छेदात देता येतो, कारण पल्ला निम्मा करायचा तर झुडपे सुमारे चौपट लागतात.